मांडवातली भिंत आणि चिंतामणी साडी

"अगं माय! ही तर मी दिलेली साडी!"

नवरीची मामी शकुंतला भर मांडवात उभी राहून ओरडली आणि सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. भिंत म्हणजे दिव्यांचा मोठा पडदा, हल्ली लग्नात भाड्याने आणून लावतात तो. त्या पडद्यावर शकुंतलाच होती, खऱ्यापेक्षा चौपट मोठी, हातात मोरांच्या काठाची चिंतामणी रंगाची साडी धरून हसत. आणि तीच साडी, तेच मोर, त्या वेळी स्टेजवर नवऱ्या मुलाच्या आईच्या मांडीवर होते. मानाची साडी म्हणून ती त्यांच्या ओटीत नुकतीच घातली होती. कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं.

नवऱ्या मुलाची आई, सुमनबाई, यांनी भिंतीकडे पाहिलं. मांडीकडे पाहिलं. परत भिंतीकडे पाहिलं. मग ताकात पडलेली माशी उचलावी तशी दोन बोटांनी साडी उचलली आणि नवरीच्या आईला म्हणाल्या, "मंदाताई, फिरती साडी? मला? वरमाईला?"

मंदाने हातातलं कुंकवाचं ताट पुढे केलं, जसं काही परत कुंकू लावलं की भागेल.

"उठा," सुमनबाई आपल्या दिराला म्हणाल्या. "वऱ्हाड उठवा."

दीर तयारच होता. मांडवाच्या दारात जाऊन त्याने ड्रायव्हरांना हाक मारली, "गाड्या काढा बे!"

मी भिंतीच्या मागे वायरींच्या गुंत्यात बसले होते. शेजारी माझी सून वर्षा, तिच्या मांडीवर लॅपटॉप. भिंतीवर काय दिसावं ही आमची जबाबदारी होती. आणि काय दिसावं हे आमच्या हातात राहिलं नव्हतं.

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, तुमचा प्रवास लिहा. मी प्रवास फार केला नाही. शिरूर कासार ते बीड, आणि सुपाऱ्या असतील तेवढी आजूबाजूची गावं. मी चौथीपर्यंत शिकले आणि फोटो काढते. स्टुडिओ नवऱ्याचा होता. त्यांचा हात थरथरायला लागला, गिऱ्हाइकांची तोंडं फोटोत हलायला लागली, तेव्हा कॅमेरा मी घेतला. ते रुसले. मग दुपारची झोप मिळते असं लक्षात आल्यावर खूश झाले. तालुक्यात मला फोटोवाल्या मावशी म्हणतात. डोहाळजेवणाला बाया मलाच बोलावतात, कारण पुरुष फोटोवाला आला की त्या पदर सावरत बसतात आणि सगळे फोटो पदराचेच येतात.

लोकांना वाटतं फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं. बटण सगळ्यात शेवटी. आधी माणसं बसवावी लागतात. आत्या रुसलेली असते, तिला पुढच्या रांगेत खुर्ची द्यायची. बांधावरून भांडलेले दोन भाऊ शेजारी उभे राहत नाहीत, मग त्यांच्या मधे घरातली सगळ्यात रुंद काकू उभी करायची. एका म्हाताऱ्यांना फोटोत दात पाहिजे होते. त्यांनी शेजाऱ्याची कवळी मागून आणली. ती बसेना. तोंड मिटता येईना म्हणून फोटोत ते असे हसले की घरच्यांनी तो फोटो मोठा करून दारासमोरच लावला. दात शेजाऱ्याचे, पण हसू लई झकास. तो शेजारी आल्या-गेल्या पाहुण्याला फोटो दाखवून सांगायचा, "ते माझे हायेत."

हे सगळं सोपं होतं. अवघड झालं ते फोटो आकाशात ठेवायची टूम निघाल्यावर.

एक कंपनी आली. नाव घेत नाही, घेऊन तिचा काय मान वाढवायचा. ऊसतोडीहून टोळ्या गावी परतल्या होत्या, बाजार भरलेला होता, तेव्हा तिचा माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, तोंडात साखर. माझ्या दुकानासमोर त्याने फलक लावला. फलकावर एक गोरं कुटुंब हसत होतं आणि खाली लिहिलं होतं: फोन हरवेल, आठवणी हरवणार नाहीत. सगळं कुटुंब, एकच जागा. खासगी फोटोंना पक्कं कुलूप.

मी विचारलं, "फोटो राहतात कुठं?"

"क्लाउडमध्ये, मावशी. म्हणजे ढगात."

"बीड जिल्ह्यात ढगावर भरवसा ठेवायला सांगतोस? आमच्याकडं तो मृगात येत नाही, फोटो घेऊन कधी यायचा?"

तो हसला. जमलेले सगळे हसले. आणि हसत हसत सगळ्यांनी आपापले फोन त्याच्या हातात दिले. आमची माणसं अशीच. ज्याला हसतात त्याच्याच मागे जातात.

पहिला फटका रामभाऊला बसला. रामभाऊ म्हणजे आमच्या गल्लीतला तोडणी कामगार. मोळी बांधताना त्याचा फोन वरच्या खिशातून मोळीत पडला, मोळी गाडीत गेली, गाडी कारखान्यात गेली. फोनचा काय रस निघाला असेल तो निघाला. पण रामभाऊ निवांत. नवा फोन घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, पोरीच्या बारशाचे फोटो ढगातून उतरवून द्या."

वर्षाने उतरवले. बारशाचा एकही आला नाही. खिशात असताना फोनने आपल्या आपण काढलेले आले. अंगठा, खिशाची शिवण, माती, पुन्हा अंगठा. रामभाऊने कंपनीला फोन लावला. तिकडून यंत्रातली बाई बोलायला लागली, मराठीसाठी दोन दाबा. रामभाऊने तिला आधी विचारलं, "जेवलात का ताई?" मग सगळी हकीकत सांगितली. मोळी, गाडी, कारखाना, सगळं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, मराठीसाठी दोन दाबा. रामभाऊ माझ्याकडे वळला, "ऐकत न्हाई वो ही बाई. माझ्या बहिणीसारखीच हाय."

तरी लोक शहाणे झाले नाहीत. मंदा तर नाहीच नाही.

आता थोडं आहेराबद्दल सांगते, कारण शहरातल्या लोकांना वाटेल एका साडीसाठी वऱ्हाड कशाला उठतं. आहेरात आलेली साडी आमच्याकडे सहसा कोणी नेसत नाही. ती घडी न मोडता ठेवायची आणि पुढच्या कार्याला दुसरीला द्यायची. दुसरी ती तिसरीला देते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. नियम दोनच. जिने दिली तिलाच ती परत जाऊ नये. आणि मानाची साडी नवीकोरी, दुकानातूनच आणलेली पाहिजे. पहिला नियम पाळायला बाया पूर्वी घडीत देणारीच्या नावाची चिठ्ठी ठेवायच्या. एकदा एकीची चिठ्ठी घडीतच राहिली आणि घेणारीने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, तेव्हापासून चिठ्ठ्या बंद झाल्या. आता बाया देणारीचा आणि साडीचा मिळून फोटो काढतात. देणारीला वाटतं, किती कौतुक माझं! ती छान हसते. खरं म्हणजे ती खूण असते, हिला ही देऊ नको.

मंदाकडे असे फोटो होते. तिची भावजय शकुंतला हिच्याकडे होते. तिची नणंद द्वारका हिच्याकडेही होते. आणि 'सगळं कुटुंब, एकच जागा' म्हणून त्या कंपनीच्या माणसाने तिघींचे फोन एकाच खात्याला जोडून दिले होते. तिघींनी वेगवेगळी कुलपं लावून घेतली होती. माझ्या कुलपात माझ्या साड्या सुरक्षित, असं तिघींनाही वाटत होतं.

मंदाची मुलगी अश्विनी अंबाजोगाईच्या दवाखान्यात नर्स आहे. मुलगा लिंबागणेशकडचा, तोही तिथेच तपासणीच्या खोलीत कामाला. स्थळ द्वारकेने आणलं असं सगळे म्हणायचे, द्वारकाही म्हणायची. दोघांनी एकमेकांना आधीच आणलं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. लग्नाआधीचे फोटो काढायला गेलो तेव्हा अश्विनीची चप्पल बंधाऱ्याच्या पाण्यात गेली आणि तो नव्या बुटासकट उडी मारून ती घेऊन आला. जोडपी फोटोपुरती हसतात आणि कॅमेरा खाली केला की आपापल्या फोनमध्ये तोंड घालतात. ही दोघं मी कॅमेरा पिशवीत घातल्यावरही हसत होती. हे लग्न मोडलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. मला सहसा वाटत नाही.

भिंतीसाठी मी म्हटलं होतं, फोटो पेनड्राइव्हवर द्या. मंदा म्हणाली, "न्हाई मावशी. जाहिरातीत बगा, बाई फोनवर फोटो काढती आन् लगी भिंतीवर दिसतो. मला तसंच पाहिजे."

सकाळभर भिंतीवर काही दिसलं नाही. नुसतं एक गोल चाक फिरत होतं. पाहुण्यांना वाटलं काहीतरी धार्मिक आहे, एक आजी त्याला हात जोडून गेली. मंदा सारखी मागे यायची, "आलं का?" वर्षा म्हणायची, "येतंय." मानपान सुरू झाला, सुमनबाईंना साडी दिली, आणि नेमकी तेव्हाच रेंज आली. अश्विनीच्या फोटोंचा कप्पा उघडायचा होता. सगळंच्या सगळं खातं उघडलं. कुलपंबिलपं कुठे गेली कोण जाणे.

तर गाड्या सुरू झाल्या होत्या. पडद्यामागे वर्षा साड्यांचे फोटो पुसत होती. एक पुसला की चाक फिरायचं आणि तोच परत यायचा. मी कंपनीला फोन लावला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," बाई म्हणाली आणि सनई लावली. मांडवातली सनई थांबली होती, कंपनीची चालू होती.

"वर्षा, सोड ते," मी म्हटलं आणि मोठ्या वायरीला हात घातला. ती उपटली की भिंत मेली.

तेवढ्यात सुमनबाईंचा आवाज आला. "कोण हाय मागं? बंद करायचं न्हाई!"

मी डोकं बाहेर काढलं. "आवो, बिघाड झालाय."

"कावून बंद करता? चालू द्या. मला बघायचंय, ह्या लोकांनी कुणाकुणाला काय काय चिकटवलंय. सगळ्या मांडवाला बघू द्या."

आणि त्या कमरेवर हात ठेवून भिंतीसमोर उभ्या राहिल्या. वऱ्हाड थांबलं. गाड्या बंद झाल्या. फुकटचा तमाशा सोडून कोण जाईल!

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भिंतीवर एकेक साडी येत होती आणि मांडवात एकेक बाई उठत होती.

"आवो, ही मी दिलेली! आन् आता जावेच्या अंगावर हाय!"

"तू मला म्हन्लीस पुण्याहून आणली!"

"पुण्याहूनच आणली गं! पुण्याच्या वन्सनं मला दिलती!"

एका बाईने स्वतःच्याच पदराकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. मुली खुर्च्यांवर चढून साड्या ओळखत होत्या. एक पुढारी आशीर्वाद द्यायला आले होते, त्यांना नुकतीच शाल घातली होती. भिंतीवर तीच शाल घातलेले मंदाचे सासरे दिसले, आणि शाल घालणारे हेच पुढारी. पुढाऱ्यांनी खांद्यावरची शाल चाचपून पाहिली. "आरं, ही तर आपलीच!" म्हणाले आणि काढून घडी घालून काखेत मारली. पुढच्या गावी लागणारच होती.

या गोंधळात द्वारका, म्हणजे नवरीची आत्या, धडपडत पडद्यामागे आली. तिचा चेहरा पांढराफटक. "मावशी, बंद कर! पाया पडते, बंद कर!"

"तुझं काय आता?"

"ती चिंतामणी... शकुंतलेला मीच दिलती."

"मग काय झालं? सगळ्यांचंच निघालंय."

द्वारका माझ्या कानाशी आली. "आन् मला कुणी दिलती ते येतंय ना पुढं! आमच्या वास्तुशांतीला आल्त्या त्या..." आणि तिने पडद्याच्या फटीतून कमरेवर हात ठेवलेल्या सुमनबाईंकडे बोट दाखवलं.

वर्षाच्या मांडीवरचा लॅपटॉप हलायला लागला. तिला हसू आवरत नव्हतं.

माझा हात वायरीवर होता. उपटली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण मग सुमनबाई जिंकून गेल्या असत्या, आणि जिंकलेली वरमाई पोरीला घरी नेत नाही, आणि नेलीच तर जन्मभर ऐकवते. मी इतकी वर्षं लोकांना त्यांचे फोटो दाखवत आले. एवढं कळलं आहे की माणूस स्वतःला बघितल्यावर आधी गप्प होतो. त्यानंतर काय करेल ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर. सुमनबाईंचा स्वभाव मला माहीत नव्हता. त्यांच्या मुलाचा माहीत होता, चपलेसाठी बुटासकट पाण्यात उडी घेणाऱ्याचा. तो कुठून तरी आला असेलच की.

मी वायरीवरचा हात काढला.

भिंतीवर द्वारका शकुंतलेला चिंतामणी साडी देताना आली. सुमनबाई म्हणाल्या, "बगा! बगा! दोन घरं फिरून आलीय!" चाक फिरलं. आणि मग भिंतभर सुमनबाई आल्या. द्वारकेच्या नव्या घराच्या दारात, आंब्याच्या तोरणाखाली, चिंतामणी साडी द्वारकेच्या हातात देत. तोंडावर असा आनंद, जसा घरातलं नकोसं मांजर लांब सोडून आलेल्या माणसाच्या तोंडावर असतो.

आचाऱ्याचा झारा तेवढा वाजत होता.

सुमनबाईंचे हात कमरेवरून हळूच खाली आले. भिंतीवरच्या सुमनबाई हसतच होत्या. पुढचा फोटो यायला तयार नव्हता. चाक अडकलं होतं. दिवसभरात त्या कंपनीने केलेलं हे एकच काम मला पसंत पडलं.

आणि मग पुढच्या सोफ्यावरून मुलाची आजी, सुमनबाईंची सासू, काठी टेकत उठली. डोळ्यांवर हात धरून तिने भिंत नीट पाहिली. "सुमे," ती म्हणाली, "ही तर मी तुला दिवाळीला घेतलेली. तू म्हन्लीस, आत्याबाई, उंदरानं खाल्ली."

पहिलं कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक नवरी. मुंडावळ्या हलत होत्या एवढं दिसलं. मग सगळा मांडव फुटला. शकुंतला द्वारकेच्या गळ्यात पडून हसत होती, पुढारी शाल तोंडावर धरून हसत होते, आचारी झारा टाकून बाहेर आला होता. आणि सुमनबाई? त्यांनी आधी ओठ दाबले. नाक फुललं. मग त्यांच्यातून जे हसू निघालं ते पिंपात दगड घालून हलवल्यासारखं होतं. हसता हसता त्या स्टेजच्या पायरीवरच बसल्या.

"उंदीर न्हाई वो आत्याबाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "रंग आवडला न्हवता. घडीबी न मोडता दिली, म्हणून आज वळखू आली न्हाई."

"मग आता?" आजीने विचारलं.

"आता काय? माझी मलाच घावली." त्यांनी साडी उचलली. "मंदाताई, खोली कुठं हाय? नेसून येते. आन् गुरुजींना म्हणावं थांबा, वरमाई तयार होतीय."

मंदाने कुंकवाचं ताट खाली ठेवलं आणि त्यांना मिठीच मारली. सगळ्या आयुष्यात फिरून आलेली आणि मग नेसली गेलेली अशी साडी मी तेवढीच पाहिली. गुरुजी कुरकुरले, पण त्यांच्या बायकोच्या दोन साड्या भिंतीवर येऊन गेल्या होत्या, म्हणून फार बोलले नाहीत.

मंगलाष्टकं चालू असताना वर्षाचा फोन वाजला. कंपनीची खरीखुरी बाई होती. "मॅडम, आपली तक्रार सुटली का? आमच्या सेवेला किती तारे द्याल?" वर्षाने फोन भटजींच्या दिशेने धरला आणि ती बाई बिचारी "शुभ मंगल सावधान" ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मंदाने लाजेने फोनवरचे सगळे साडीचे फोटो पुसले. या वेळी मात्र यंत्र तत्परतेने चाललं. तिघींच्या फोनवरचे एकदम गेले, साड्यांचे आणि त्यांच्याबरोबर अश्विनीचे लहानपणाचेही. हरवू नये ते हरवलं, आणि लपवायचं ते चौपट करून दाखवलं. तिघी माझ्या दुकानात येऊन भांडल्या, जसं काही आकाश माझंच. लग्नाचे फोटो माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डावर होते म्हणून अल्बम तरी झाला. इस्त्रीच्या शर्टवाला परत शिरूरला दिसला नाही. त्याच्या फलकाचं कापड रामभाऊने फडातल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, छत म्हणून घातलं. ते गोरं कुटुंब आता उसाच्या फडात उलटं टांगलेलं हसतंय.

मला हळहळ एकाच गोष्टीची आहे. सुमनबाई पायरीवर बसून हसत होत्या तेव्हा माझा कॅमेरा पिशवीत होता. इतकी वर्षं माणसांना हसा, हसा म्हणत आले, आणि खरं हसू आलं तेव्हा मी वायर धरायला गेले होते. तो फोटो ना माझ्याकडे आहे, ना कुणाच्या ढगात.

पहिल्याच धुण्यात त्या साडीचा रंग गेला आणि सुमनबाईंच्या घरातली सगळी धोतरं चिंतामणी झाली. तेव्हा कळलं, ती नेसायची नव्हतीच, फिरवायचीच होती. सुमनबाई तरीही ती नेसतात. अश्विनी त्यांच्याकडेच नांदते. आजी, मंदा, शकुंतला, द्वारका, वर्षा आणि मी, सगळ्या त्या मांडवातून धडधाकट बाहेर पडलो. ती कंपनी बंद पडली.